तलवारीचे दुसरे नाव

तलवारीला संस्कृतात असि म्हणतात, खड्ग म्हणतात, कृपाण म्हणतात, करवाल म्हणतात. पण दसऱ्याला शस्त्रपूजा करताना 'तो असि जरा पुसून ठेव' असे आपल्या घरात कुणी म्हणत नाही. बोलण्यातला शब्द वेगळा, काव्यातला वेगळा. पांडवप्रताप, रामविजय ऐकत वाढलेल्या पिढीला समर, अरि, महीपती हे शब्द कुणी शिकवले म्हणून विचारा. सांगता येणार नाही. कानावरून गेले आणि राहिले.

लॅटिनचेही असेच आहे. रोमन शिपायाच्या कमरेला असायची ती तलवार म्हणजे 'ग्लादिउस'. गद्यात हाच शब्द. पण व्हर्जिलच्या 'ईनीड' या महाकाव्यात वीर पुढे सरसावतो तेव्हा त्याच्या हातात बहुतेक वेळा 'एन्सिस' असते. आणि गंमत म्हणजे हे एन्सिस आणि आपला असि हे एकाच मुळाचे दोन फुटवे आहेत.

वाचकहो, लॅटिनचे नाव काढले म्हणून पान उलटू नका. विषय आपल्याच घरातला आहे, फक्त तो आला डिंडोलीहून. सुरत शहराच्या आग्नेयेला डिंडोली आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेल्या मराठी माणसांची मोठी वस्ती. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक विद्यार्थिनी लग्न होऊन तिकडे गेली. ती आपल्या भागातली, माहेर कानडी, शिक्षण मराठी. नवरा खानदेशी. घरात सासरकडची मंडळी आली की अहिराणी, एरवी मराठी, आणि तिची आई आता तिच्याकडेच राहते म्हणून स्वयंपाकघरात कानडी. दाराबाहेर गुजराती आणि हिंदी. मुलगा अकरावीला, त्याची शाळा इंग्रजी. आता या सगळ्यात त्या मुलाने सुट्टीत ईनीड इंग्रजीतून वाचले आणि हट्ट धरला, की मला हे मुळातून वाचायचे.

तिने मला फोन केला. "मॅडम, इष्टु भाषा यातक बेकु? आधीच पाच झाल्या. मी विचार करतेय, अज्जीला सांगावं की याच्याशी कानडी बोलू नको, तेवढंच ओझं कमी होईल. तुम्ही काय म्हणता?"

लगेच उत्तर दिले नाही. आधी त्या मुलाशी बोलले. मी लॅटिन काही रीतसर शिकलेली नाही. एमएला भाषाशास्त्राचा पेपर होता, तेव्हा तोंडओळख झाली आणि पुढे कोश मांडीवर घेऊन ईनीडचे पहिले दोन सर्ग वाचले, एवढीच माझी शिदोरी. पण त्याने आपली वही कशी घातली हे ऐकल्यावर अडचण कुठे आहे ते कळले. त्याने कोश उघडून पहिल्या अक्षरापासून शब्द उतरवायला सुरुवात केली होती. तिसऱ्या अक्षरावर दम लागला.

ईनीडचे बारा सर्ग, सुमारे ९,९०० ओळी. आकडा ऐकून छाती दडपते. पण महाकाव्याचा शब्दसंग्रह हा बाजारासारखा नसतो, लग्नघरासारखा असतो. तीच तीच माणसे पुन्हा पुन्हा समोरून जातात. काही शे शब्द सतत येतात, उरलेले एखाददुसऱ्या वेळी तोंड दाखवून जातात. अमेरिकेतल्या क्लाइड फार नावाच्या प्राध्यापकाने १९३० साली ईनीडच्या पहिल्या सहा सर्गांची विद्यार्थ्यांसाठी आवृत्ती काढली. वारंवार येणारे शब्द त्याने पुस्तकाच्या शेवटी एका घडीच्या मोठ्या कागदावर छापले. तो कागद उलगडून ठेवायचा आणि पुस्तक वाचत जायचे. क्वचित येणारे शब्द त्या त्या पानाच्या तळाशीच दिलेले. म्हणजे पाठ करायचे ते कागदावरचे, बाकीचे पाहुणे. ही आवृत्ती अजून वापरात आहे. मुलाला म्हटले, कोश मिटून ठेव आणि आधी त्या कागदावरच्यांशी ओळख कर.

पाठांतराला नावे ठेवायची आपल्याकडे आता चाल पडली आहे. मला ते पटत नाही. नुसते 'वाचत राहा, शब्द आपोआप येतील' हे ज्याच्या कानावर ती भाषा रोज पडते त्याला सांगावे. मेलेल्या भाषेला शेजारीण नसते. आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होते, म्हणून मुलाला काव्य वाचायला बसवायच्या आधी अमरकोश पाठ करायला लावत. तीन कांडे, दीड हजारांच्या घरात श्लोक, सगळे पद्यात. पृथ्वीची नावे एका दमात, समुद्राची एका दमात, घोड्याची एका दमात. त्याचे दुसरे नाव नामलिंगानुशासन, म्हणजे शब्दाबरोबर त्याचे लिंगही शिकवणारा. लॅटिनच्या शिक्षकांचा आजही हाच आग्रह असतो, की नाम एकटे पाठ करू नका, त्याचे लिंग आणि षष्ठीचे रूप सोबत घ्या. (याच अमरकोशाचा पहिला भाग पाओलिनो नावाच्या एका कार्मेलाइट पाद्रीने लॅटिन भाषांतरासह १७९८ साली रोममध्ये छापला. तो मलबारात राहून गेलेला. असो.)

षष्ठीचे रूप कशाला? तर 'रेक्स' म्हणजे राजा, पण राजाचा म्हणताना 'रेगिस' होते. 'नोक्स' म्हणजे रात्र, रात्रीचा म्हणजे 'नोक्तिस'. 'इतेर' म्हणजे प्रवास, प्रवासाचा 'इतिनेरिस'. पहिले रूप पाहून दुसऱ्याचा पत्ता लागत नाही, आणि काव्यात येतात ती बहुधा दुसऱ्या रूपावरून बनलेली. इंग्रजीत वाढलेल्या मुलाला हा छळ वाटतो. आपल्याला का वाटावा? घोडा म्हणतो, पण घोड्याचा. भाऊ म्हणतो, पण भावाचा. कानडीत मर म्हणजे झाड, झाडाचे म्हणताना मरद. मने म्हणजे घर, घराचे मनेय. ऊरु म्हणजे गाव, गावाचे ऊरिन. हे आपली पोरे चौथ्या वर्षी करतात आणि त्यासाठी त्यांना कुणी शाबासकी देत नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी जाणे ही लॅटिनची नेहमीची रीत, तीही आपल्या दोन्ही भाषांची. 'आणि' हा शब्द दोन शब्दांच्या मध्ये न ठेवता दुसऱ्याच्या शेपटीला 'क्वे' म्हणून चिकटवायचा, हे वाचून मुलगा थबकला होता. मी म्हटले, अज्जी 'अव्वानू अप्पानू' म्हणते तेव्हा ती काय करते? संस्कृतातला 'च'ही असाच मागून येतो, आणि क्वे हा तर त्या 'च'चा सख्खा भाऊ.

मग सोयरीक जुळवायला बसलो. देउस म्हणजे देव, इग्निस अग्नी, नाविस नौ म्हणजे नाव, वोक्स वाच् म्हणजे वाणी, विर म्हणजे पुरुष, आपला वीर. दश आणि देकेम, शत आणि केन्तुम, अश्व आणि एक्वुस. आपल्या श च्या जागी तिकडे क चा उच्चार, हे दोनतीनदा दिसले की चौथा शब्द स्वतःच ओळखता येतो. पण इथे भूल पडते. मुलाने 'मानुस' म्हणजे माणूस असे उत्साहाने लिहून ठेवले होते. मानुस म्हणजे हात, आणि त्याचा माणसाशी काही संबंध नाही. मनाचा नातलग आहे तो 'मेन्स', षष्ठी 'मेन्तिस', आणि आपली मती ती हीच. चेहरा सारखा म्हणून नाते सांगू नये, हे गावाकडे आपण जाणतो.

यानंतर खरी मौज, म्हणजे जोड्या. वहीत मी त्याला दोन रकाने पाडायला सांगितले, एक गद्याचा, एक काव्याचा. समुद्र गद्यात 'मारे', काव्यात तोही येतोच, पण सोबत 'पोन्तुस', 'पेलागुस' आणि 'ऐक्वोर' येतात. ऐक्वोर म्हणजे मुळात सपाट पसरलेले काहीही. बाप गद्यात 'पातेर', काव्यात त्याच्या जोडीला 'गेनितोर', जन्म देणारा, संस्कृतातला जनिता. मरण गद्यात 'मोर्स', काव्यात 'लेतुम'ही. घोडा 'एक्वुस', पण काव्यात केव्हा केव्हा 'सोनिपेस', म्हणजे ज्याचे पाय वाजतात तो. बहुव्रीही समास शिकलेल्या मुलाला हे सांगताना मला विशेष सुख झाले. आणि जहाज! ते कधी 'पुप्पिस' म्हणजे नावेची मागची बाजू, कधी 'कारीना' म्हणजे तळाचा कणा. मुलगा म्हणाला, "तुकड्याचं नाव अख्ख्याला कसं?" मी विचारले, तुझ्या बाबांच्या गावात घरे किती आहेत हे म्हातारी माणसे कसे सांगतात? 'शंभर उंबरे'. उंबरा म्हणजे घर होते, तर कणा म्हणजे जहाज का होऊ नये?

एवढे वेगवेगळे शब्द कवीला लागतात कशाला, हा त्याचा पुढचा प्रश्न. शोभेसाठी हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे वृत्तात आहे. ईनीडच्या ओळीत सहा गण. पहिल्या चारांत प्रत्येकी भगण, म्हणजे गुरु-लघु-लघु, नाहीतर दोन गुरु. पाचवा बहुधा भगणच, सहाव्यात दोन अक्षरे. मात्रा मोजा, गणाला चार. कानडी कंदपद्याचे गणही चार मात्रांचेच, पंपाने ९४१ सालच्या आपल्या भारतात ते भरपूर योजले आहेत. आता या बांधणीत दोन गुरूंच्या मध्ये एकटा लघु, म्हणजे आपला रगण, बसूच शकत नाही. 'इम्पेरातोर' हा सेनापतीसाठीचा रोजचा शब्द नेमका तसाच सुरू होतो. गुरु, लघु, गुरु. झाले, तो दारातच अडला. व्हर्जिल त्याच्याऐवजी 'दुक्तोर' म्हणतो, म्हणजे नेणारा. तेव्हा महाकाव्याचा शब्दसंग्रह निराळा शिकावा लागतो त्यामागे वृत्ताचा हा पहारेकरीही आहे. म्हणून शब्द मोठ्याने म्हणत शिकावेत. डोळ्यांनी शिकलेल्या शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ विसरतो, जिभेने शिकलेल्याचा सहसा नाही.

ही वाट उलट्या दिशेने चालून गेलेला एक माणूस आपल्याला ठाऊक आहे. थॉमस स्टीफन्स, आपले फादर स्टीफन्स. इंग्लंडातला माणूस, रोममध्ये जेझुइट झाला, १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला आणि १६१९ साली तिकडेच वारला. लॅटिनमध्ये मुरलेला. त्याने सासष्टीत बसून ओवीची भाषा इतकी आत्मसात केली, की १६१६ साली राचोल येथे त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या, आणि छपाई रोमन लिपीत. १५८३ साली गोव्याहून भावाला त्याने लॅटिनमध्ये पत्र लिहिले, त्यात इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे असे नमूद केले आहे. विल्यम जोन्सने कलकत्त्यात हीच गोष्ट सांगून कीर्ती मिळवली ती १७८६ साली, म्हणजे दोनशे तीन वर्षांनी.

मला स्टीफन्सच्या शब्दांच्या निवडीचे नवल वाटते. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. पोर्तुगीज शब्द ओढून आणून ओवीत कोंबणे सोपे होते. पण जुनी पुराणे हातातून गेलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठी तो लिहीत होता, आणि त्यांच्या कानाला पुराण म्हणजे काय हे त्याने ओळखले होते. कोशातून शब्द मिळतो, कान मिळत नाही. तो माणसांत बसून मिळवावा लागतो. त्याने कोकणीचे जे व्याकरण लिहिले ते १६४० साली, त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले, आणि त्याच्या नावात त्या भाषेला म्हटले आहे 'कानारीम'! आपल्या दुभाषी घरांनी यावर जरूर हसावे. ख्रिस्तपुराणाची सालदान्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९०७ साली निघाली तीही मंगळुरात. मराठी पुराण, कर्नाटकातला छापखाना.

मुलाला वाटत होते की सुरतेत बसून लॅटिनशी झटणारा आपण पहिलेच. त्याला सांगितले, आँकेतिल-द्युपेराँ नावाचा फ्रेंच तरुण १७५८ ते १७६१ तुझ्याच शहरात राहून पारशी दस्तुरांकडे अवेस्ता शिकत होता. पुढे त्याने दारा शुकोहच्या फारसी उपनिषदांचे लॅटिन भाषांतर केले, ते १८०१-०२ मध्ये छापले गेले, आणि शोपेनहौअरने उपनिषदे वाचली ती त्याच लॅटिनमधून. पोरगा दोन दिवस हवेत होता असे त्याची आई म्हणाली.

आता तिच्या प्रश्नाकडे येते. अज्जीची कानडी बंद करावी का? ही अज्जी गदगकडची. कुमारव्यासाचे भारत, ज्याला तिकडे गदुगिन भारत म्हणतात, तिने लहानपणी गमकातून ऐकलेले आहे. गमकात एक जण पद्य रागात म्हणतो आणि दुसरा त्याचा अर्थ उलगडतो. शब्दसंग्रह शिकवायची याहून चांगली शाळा मी पाहिलेली नाही. फार यांनी घडीच्या कागदावर जे केले ते इथे शेजारी बसलेला माणूस करतो, आणि तोही ऐकणाऱ्याचा चेहरा बघून. अज्जीला भामिनी षट्पदीतली पदेच्या पदे अजून येतात. कुणी विचारत नाही म्हणून ती म्हणत नाही. मुलाला दश-देकेमचा नियम कळला होता, म्हणून मी त्याला अज्जीकडून आणखी एक नियम काढून घ्यायला सांगितला. दूध आज हालु, जुन्या कानडीत पाल्. वाघ आज हुलि, पूर्वी पुलि. फूल आज हूवु, पूर्वी पू. प गेला, ह आला. त्याने अज्जीला विचारले आणि तिने त्याला उलट विचारले, हे तुला सुरतेत कुणी सांगितले?

तेव्हा मी तिला फोनवर स्पष्ट म्हटले, बाई ग, ओझे कमी करायचे असेल तर दुसरे काहीतरी कमी कर. त्याची एक शिकवणी कमी कर. घरातली जी भाषा बोलायला एकच माणूस उरले आहे, ती बंद केलीस तर पुन्हा सुरू करायला शिक्षक मिळणार नाही. लॅटिनला पुस्तके तरी आहेत. तिचा नवरा मागून म्हणाला, "मॅडम, यानं पोटाला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. यंत्रमागाच्या गावात तो विचारायलाच हवा. माझ्याकडे त्याचे पैशातले उत्तर नव्हते, आणि मी ते बनवून दिले नाही. इतकेच म्हटले, की रोज अर्धा तास, आणि बारावीच्या परीक्षेआधी तीन महिने वही बंद. त्यावर तो राजी झाला.

एक शब्द मात्र मी मुलाला यादीतून पाठ करू दिलेला नाही. 'पिउस'. व्हर्जिल आपल्या नायकाला, ईनियसला, हे विशेषण पुन्हा पुन्हा लावतो. कोशात सापडेल धार्मिक, कर्तव्यनिष्ठ, भक्तिमान. यातले एकही पुरत नाही. दुसऱ्या सर्गात ट्रॉय जळत असताना ईनियस म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेतो, मुलाचा हात धरतो आणि निघतो. बायको मागून येत असते, ती वाटेत हरवते. आपल्याला श्रावणबाळ आठवतो. पण चौथ्या सर्गात हाच माणूस देवांची आज्ञा म्हणून डायडोला सोडून जातो, ती जीव देते, आणि कवी त्याला तेव्हाही पिउसच म्हणतो. धर्म म्हणावे तर जवळ जाते. पण धर्माने वागलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा त्या शब्दाचे काय करायचे, हे कोश सांगत नाही. चौथा सर्ग होईपर्यंत वहीत त्या शब्दापुढची जागा कोरी ठेव, असे मी सांगितले आहे.

परवा वहीच्या एका पानाचा फोटो आला. आता चार रकाने आहेत, लॅटिन, संस्कृत, मराठी, कानडी. समुद्राच्या ओळीत लॅटिनचे चार शब्द भरलेत, संस्कृतचे अमरकोशातून अकरा. मराठीत सागर, दर्या, रत्नाकर. कानडीच्या रकान्यात एक 'कडलु' आणि पुढे पेन्सिलीने लिहिले आहे, 'अज्जी आठवते आहे'.